न ऐकलेली ओळ

इट्टिरवी नंबूदिरींना मरणाची भीती नव्हती. भीती होती ती आपण चुकलो आणि आपल्याला कळलंच नाही, याची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं डोकं ते, कधी दगा देईल नेम नाही. पूर्वी ही काळजी नसे. दरवर्षी देवळात वेदपाठाची लढत लागायची आणि नदीपलीकडच्या मठाचे परमेश्वरन समोर कान टवकारून बसायचे. जरा स्वर हलला की यांचा हात वर! चुकलेल्याने भर सभेतून उठायचं. परमेश्वरनांनी इट्टिरवींना आयुष्यात चारदा उठवलं. इट्टिरवींनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, आणि दोन वर्षांपूर्वी परमेश्वरन गेले तेव्हा इट्टिरवी लहान पोरासारखे रडले.

यंदा लढत सरकारी समितीच्या ताब्यात गेली. सचिव मेनन मोठे उत्साही गृहस्थ. वेदाचं अक्षर येत नव्हतं, पण वेद वाचवायचे कसे हे तोंडपाठ! नंबूदिरींना अदबीने 'तिरुमेनी' म्हणायचे.

"तिरुमेनी, चूक पकडणं म्हणजे अपमानच की हो! आता कुणी कुणाला उठवायचं नाही. सगळ्यांना शाल."

"मग चूक पकडणार कोण?"

"होईलच कशी? भाषा बदलल्या, राज्यं बुडाली, पण मंत्र..." मेनन भाषणच करायला लागले. वर आणखी माईकसमोर मान हलवायची नाही म्हणे, आवाज मागेपुढे होतो. अहो, मानगूट धरून, वर-खाली करूनच गुरूने एकेक स्वर आत घातलेला! पण मेननांना कोण सांगणार?

म्हाताऱ्याने मान ताठ ठेवून पाऊण तास पाठ म्हटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल मिळाली, 'संपूर्ण अचूक' असा शिक्क्याचा कागद मिळाला. पुढची पोरं आता हेच ध्वनिमुद्रण ऐकून शिकणार होती.

घरी येऊन इट्टिरवींनी स्वयंपाकघराच्या दारातून तो कागद बायकोला वाचून दाखवला. आर्या अंतर्जनम नारळ खवत होत्या. लग्न होऊन आल्यापासून शिष्यांचा पाठ भिंतीपलीकडे आणि त्यांची खवणी अलीकडे, असंच चाललं होतं.

"छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती ओळ आता कायमची गेली."

"कुठली ओळ?"

"तुम्ही खाल्लीत ती. देवळाचा भोंगा चुलीपर्यंत येतो. परमेश्वरन गेल्यापासून रोजच खाताय."

"दोन वर्षं? अगं, मग बोलली का नाहीस, बये?"

"बायकांनी वेद ऐकायचा नाही, हे तुमचंच ना? जे ऐकलंच नाही ते सांगू कसं?"

इट्टिरवींनी धावत जाऊन मेननांना फोन लावला. पलीकडून मेनन हसले. "अहो तिरुमेनी, शिक्का बसला! आता ती ओळ घातलीत तर तीच चूक धरली जाईल."

म्हाताऱ्याने फोन ठेवला. गुरूंच्या तोंडची ओळ आपल्याच हातून गेली, याची त्यांना रडू फुटेल इतकी लाज वाटली. शाल खांद्यावरून कधी गळली तेही त्यांना कळलं नाही. ते परत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसले, सात वर्षांचे असताना गुरूंपुढे बसत तसे.

"सांग," ते म्हणाले.

आर्यांनी खोबऱ्याचे हात पुसले, त्यांची मानगूट धरली आणि पहिला स्वर म्हणत ती खाली दाबली.