एकदाच तोललेली पेटी

पेटीचं लाल पत्र्याचं झाकण काढून त्यानं बाजूला ठेवलं आणि पेटी काट्यावर चढवली. सवयच ती. परत जाणारी वस्तूसुद्धा तोलल्याशिवाय तो हातावेगळी करत नसे. आकडा स्थिरावला. अकरा किलो आठशे. मर्यादा बाराची.

महिन्यापूर्वी याच काट्यावर ती बारा किलो शंभर भरली होती. झाकणासकट. उड्डाणाआधी उतरवायचं ते झाकण त्यानं आजवर शेकडो पेट्यांवरून काढलं होतं, आणि नेमकं थोरल्या बहिणीच्या पेटीवर राहून गेलं. वर साहेबांच्या देखत "बहीण असली म्हणून काय झालं?" म्हणत त्यानं नापासाचा शेरा मारला होता आणि मनातून जरा फुशारलाही होता.

तासाभरापूर्वी खिडक्या थरथरवत ते अवजड रॉकेट वर गेलं. त्याच्या पोटात काय नव्हतं! हवामानाचा उपग्रह, दुर्बीण, बियाण्यांचे डबे, कुणाकुणाच्या चाळीस पेट्या. आणि ताईच्या पेटीच्या जागी, तोल सांभाळायला, लोखंडाचा ठोकळा. पेटीतल्या, अवकाशातली धूळ मोजणाऱ्या त्या यंत्रापायी ताईनं नऊ वर्षं जिवाचं रान केलं होतं. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार होती. आता पुन्हा संधी कुठली?

"झालं का रे? गाडी खाली उभी आहे," म्हणत ताई आत आली.

आकडा झाकावा असं त्याला वाटलं, पण ती काट्याजवळ पोचलीही होती. तिनं तो वाचला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षांत किती वेळा तोललीये मी ती."

"मग तेव्हाच तोंड का नाही उघडलंस?"

"सगळ्यांसमोर? तुझी नोकरी आहे इथं." तिनं त्याच्या पुढ्यातलं झाकण उचललं आणि पेटीवर नीट बसवलं. "धूळ बसेल."

स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"तू सगळ्यांचं दोनदा तोलतोस," ती झाकणाकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी दारात थांबले होते मी बराच वेळ. वाटलं, माझंही तोलशील."

त्यानं पेटीची एक बाजू धरली, तिनं दुसरी. दोघं जिना उतरू लागले.

"सावकाश," ताई म्हणाली. "जड आहे."