बसवंतअप्पांचा उघडा हात

मित्रांनो, देवणीजवळच्या एका गोठ्यात पहिल्या खुंट्याला बांधलेली म्हातारी गाय म्हणजे मी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव शेवरी. सात वेतं झाली, आता दूध आटलं. तरी माझ्या धन्यानं, बसवंतअप्पांनी, मला बाजार दाखवला नाही.

रोज सकाळी अप्पा माझ्या कानामागं, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीखाली हात घालून गोचीड वेचायचे आणि नखावर नख दाबून चिरडायचे. बोटं रक्तानं लाल व्हायची. तोच हात धोतराला पुसून तंबाखू मळायचे! मी मात्र डोळे मिटून मान लांब करायची. त्या हातासारखं सुख नव्हतं.

सून पुनमनं गुरांच्या डॉक्टरांकडून रबरी मोजे आणि चिमटा आणून खुंटीला अडकवला होता. अप्पा हसायचे. "आपल्याच लेकराला मोजे घालून शिवायचं का? गोचीड काय वाघ हाय?"

यंदा ज्येष्ठात अप्पांना अचानक सणसणून ताप भरला. अंग ठणकू लागलं, डोळे लाल झाले. त्यांची बायको गुरम्मा म्हणाली, "ऊन लागलंय. तळपायाला कांदा चोळते." चौथ्या दिवशी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं. पुनम घाबरली, पण डोकं ठिकाणावर होतं तिचं. सासूला म्हणाली,

"आत्या, रगताला हात लावू नका. ऊन लागल्यावर असं होत न्हाई. गाडी बोलवा. अन् डॉक्टरला पयलं हेच सांगायचं, मामा गोचीड नखानं चिरडतेत."

लातूरला अप्पांना वेगळ्या खोलीत ठेवलं. ताप गोचिडापासूनच आलेला, रक्तातून दुसऱ्यालाही लागणारा निघाला. आणि मी ठणठणीत! ज्या गोचिडानं धनी लोळवला, त्यानं मला साधी शिंकही येऊ दिली नाही. घरच्यांनी गोठा फवारला, फटी लिंपल्या. तेवीस दिवस दारात पाऊल वाजलं की मी कान टवकारायची. पुढ्यात पेंड असायची, पण गोड लागत नव्हती. माझ्याच अंगावरून ते दुखणं गेलं, हे मनातून जात नव्हतं.

अप्पा परतले ते निम्मे होऊन. हातात रबरी मोजे. मी हुंगलं आणि मान मागं घेतली.

"रुसलीस का शेवरे? रूस. पर आता असंच चालायचं," म्हणाले. चिमट्यानं गोचीड काढला, औषधाच्या डब्यात टाकला आणि साबणानं हात धुतले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी नखानं गोचीड चिरडत असेल, तर त्याचा हात धरा. ताप आला तर डॉक्टरांपासून गोचीड लपवू नका. मला तो उघडा, खरखरीत हात अजून हवासा वाटतो, रोज वाटतो. मग ते तेवीस दिवस आठवतात आणि मीच मान पुढं करते. रबरातला का होईना, हात अप्पांचाच आहे.