मुद्देमालातला मोडेम

मित्रांनो, ठाण्याच्या कोर्टात मुद्देमालाची खोली आहे. तिथे एका चोरीच्या सायकलीशेजारी, गळ्यात लाखेचा शिक्का मारलेली चिठ्ठी बांधून जो काळा डबा बसला आहे, तो मी. मी एक जुना मोडेम आहे. जुना म्हणजे चार वर्षांचाच. पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येते.

माझे काम साधे आहे. संगणकाला आकडे कळतात, टेलिफोनच्या तारेला आवाज. मी आकड्यांचा आवाज करतो आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. तार जुळताना शिट्टी मारतो, खरखरतो. मजकूर मला कळत नाही. वाटेत एखादा आकडा बिघडला तर तेवढे ओळखतो आणि तो पुन्हा मागवतो.

डोंबिवलीच्या एका दुकानातून जनीने मला जुन्या संगणकाबरोबर आणले. जनी चेंदणी कोळीवाड्यातली, रसायनशास्त्राची पदवीधर. त्या घरात माझे फार कौतुक झाले. तिची आई आवडाबाई माझ्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल पांघरायची. मी शिट्टी मारली की वडील भिवाजी म्हणायचे, "जने, तुजा कोंबडा आरवला गो."

१९९८ साली खाडीत मासे मरून वर आले. जनीने नाल्याच्या तोंडाशी पाणी भरून घेतले आणि त्यात रसायने घालून पाहिली. बाटलीच्या तळाशी बसलेला साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. साका पांढराच राहिला. त्या नाल्यावर रंगाचा एक कारखाना होता. जनीने त्यांना पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. मग तिने त्यांना एकच ओळ ईमेलने पुन्हा पुन्हा पाठवायला घेतली : 'नाल्याच्या तोंडाशी प्राणवायू शून्य.' दिवसभर मी तीच ओळ नेत राहिलो. तिच्या वर्गातला पंढरी कल्याणहून तेच करत होता. संध्याकाळपर्यंत कारखान्याची ईमेलची पेटी तुंबली आणि परदेशातून आलेली मालाची एक मागणी जागा नाही म्हणून परत गेली.

पोलीस आले, तेही गोंधळलेलेच होते. घुसखोरी म्हणावी तर जनी घराबाहेर पडलीच नव्हती. शेवटी नुकसान केल्याचे कलम लागले. हवालदारांनी मला कानाशी धरून हलवले आणि आत काही उरले आहे का, असे विचारले. काही उरत नाही, असे जनीने सांगितले. तरी मला उचललेच.

भिवाजींना हे उमगेना. चौकीत ते म्हणाले, "सायेब, शहाऐंशी साली आमी त्याच नाल्यापुढं होड्या आडव्या लावल्या. कारखान्याचा माल दिवसभर अडला. तुमच्या लोकांनी चहा पाजून सोडलं आमाला. पोरीनं तर होडीपन नाय काढली."

साहेबांनी चहा मागवला. गुन्हा मात्र तसाच राहिला.

जनीची निवड सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत झाली होती. रुजू होण्यासाठी पोलिसांचा दाखला लागत होता आणि गुन्हा असेपर्यंत तो मिळणार नव्हता. कारखान्याच्या वकिलाने वाट सुचवली : माफी मागा, आकडा खोटा होता असे लिहून द्या, तक्रार मागे घेतो.

तारखेच्या दिवशी या खोलीबाहेरच्या बाकावर आवडाबाई म्हणाली, "लिवून टाक गो बाय. नोकरी लागली की खरं काय ते लिवत बस."

"पेटी भरली त्याची माफी मागते," जनी म्हणाली. "तेवढं चुकलं असेल माझं. पण साका पांढरा होता, आई. तो तपकिरी होता असं नाही लिहिणार."

वकिलाला अर्धी माफी चालेना. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. खटला अजून चालू आहे.

दुसऱ्याची पेटी भरून टाकणे म्हणजे बोलणे, की दुसऱ्याचे तोंड बंद करणे? इथे बसून मी यावर खूप विचार केला. कधी वाटते हे, कधी ते. परत गेलेल्या मागणीवर कुणा कामगाराची रोजी अवलंबून होती का, तेही मला माहीत नाही. एवढेच खात्रीने सांगतो की जनीने 'शून्य' लिहिले आणि 'शून्य'च पोहोचले. खाडीतही शून्यच होते का, ते माझ्याकडून कळणार नाही. ते पाण्यालाच विचारावे लागेल. मला न्यायला जीप भरून माणसे आली होती. पाणी आणायला अजून कोणी गेलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार होतो. पण मी भंगारात गेलो तरी चालेल. तुमच्या घराजवळचा नाला, तलाव, खाडी जपा. आणि कोणी त्यांच्यासाठी भलत्याच रीतीने ओरडले, तर त्याला रागवा हवे तर; पण त्याआधी एक बाटली पाणी भरून आणा.