हेमालीची नजर अडकली तेव्हा

मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं, पण मी तिथं उभा होतो. टपरीवर अशी सुरुवात केली की लोक चहा पुन्हा मागवतात. त्या दिवशी मागच्या बाकावर कमळाही येऊन बसली.

ही कमळा हरेशशेटच्या लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. हेमाली तिची लेक. वय पंचविशीचं, समज लहान पोरीची. तिची नजर एकदा कशावर बसली की उठत नाही. हाका मारा, हलवा. डॉक्टर म्हणाले, हट्ट नाही हा, तिचं लक्ष एकीकडून दुसरीकडे जायलाच वेळ लागतो. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून कमळा तिला कामावर आणायची. शेटनं बजावलं होतं, "काम अडलं की दुसऱ्या दिवसापासून आणायची नाही."

एका दुपारी हेमाली अफजलच्या लूमसमोर उभी राहिली आणि कापडाकडे बघत बसली. आता चालत्या कापडाकडे कोणी टक लावली की आमच्या धंद्यात अर्थ एकच, धागा तुटला. अफजलनं लूम थांबवला. वाकून बघितलं. काही नाही.

"हेमाली, धागा किधर टूटा है?"

तिची नजर कापडावरच. दोघं बघतायत म्हणून शेजाऱ्यानं लूम थांबवला, मग त्याच्या शेजाऱ्यानं. कारखाना थांबला, गल्ली थांबली, पार कशेळी गावापर्यंत लूमचा खडखडाट बंद. लोकांना वाटलं आपण बहिरे झालो. कानाच्या डॉक्टरकडे ही रांग; आणि डॉक्टर दवाखाना बंद करून घरी गेलेला, त्यालाही तेच वाटलं.

इकडे एकाला डाग दिसतोय, दुसऱ्याला काठ वाकडा. शेट धावत आला, हेमालीच्या खांद्याशी खांदा लावून वाकला, आणि त्याचीही नजर अडकली. काय दिसलं, मला विचारू नका, मी स्वतःच गोंधळलो होतो. बऱ्याच वेळानं उठला नि म्हणाला, "कमळा, हिला रोज आण."

"चाचा," टपरीवर समोरच चहा पीत बसलेला अफजल मला म्हणाला, "मेरा लूम बंद हुआ, वो सच है. पर पूरी भिवंडी?"

"तू आत होतास. तुला बाहेरचं काय कळणार?" मी म्हटलं.

कमळानं ग्लास खाली ठेवला.

"भिवंडी बंद पाडा राघोभाऊ, माझं काय न्हाय. पण शेट रोज आण बोलला, हे खोटं हाय. तसं बोलला असता, तर पोरीला घरात ठेवून बाहेरून कडी लावून मी कशाला आले असते?"