उन्हाळ्याचा एक तास

इल्का बॅगेतून भेटवस्तू काढत होती, तेवढ्यात सोलांजने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"बरं झालं आलीस," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तुझ्याकडून एक खरं उत्तर हवंय."

सोलांज काही दार लोटून बोलणारी बाई नव्हती. शाळेच्या अदलाबदलीत सतरा वर्षांची इल्का हंगेरीहून या घरी वर्षभर राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सोलांजने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं, "मला ममाँ म्हण, गुल्वेनला पापा म्हण. मॅडम म्हणालीस तर उपाशी ठेवीन!" त्याला आता वीस वर्षं होत आली होती. तेव्हापासून इल्का पाच-सहा वेळा येऊन गेली होती, आणि दर वेळी हेच घर आपलं माहेर आहे असं तिला वाटायचं.

"गुल्वेनचं डोकं ठिकाणावर नाही," सोलांज म्हणाली. "ओहोटीची वेळ मी सांगते एक, आणि हा तासभर आधीच चालू लागतो. का म्हणून विचारलं तर नुसता हसतो. रोझेन म्हणते, पापांची आकडी-टोपली काढून घे, समुद्रावर पाऊल टाकू देऊ नकोस."

"पण समुद्राशिवाय ते जगतील कसे?"

"तेच तर! पोटची पोर आहे माझी, पण तिला सगळ्याचीच घाई. म्हणून म्हणते, आज तू त्याच्याबरोबर जा, नीट बघ आणि मला सांग. तू सांगशील तेच मी रोझेनला कळवीन. तू खोटं बोलत नाहीस." सोलांजने तिचा गाल थोपटला. "आणि आई कशी आहे तुझी?"

इल्काची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा सोलांज फोनवर तिच्याबरोबर हमसून रडली होती. काळजीच्या भरात निघून गेलं असेल तोंडून, असं समजून इल्का "बरी आहे" असं पुटपुटली, आणि मग स्वतःवरच चिडली.

गुल्वेन आत आला तो आकडी आणि टोपली घेऊनच. सत्तरी ओलांडली तरी गडी ताठ होता. "काय गं, गोड्या पाण्यातली मासोळी! आज वर्षातलं मोठं उधाण आहे, ओहोटीही तेवढीच खोल. वासराबेटावर जाऊन ओर्मो काढू. खडकाखालचे शिंपले चाचपायला तुझी बोटं अजून चालतात का, की नुसती कॉम्प्युटर बडवतात?"

"तुमच्यापेक्षा जास्त काढीन!"

"ऐकलंस का, म्हातारे? वेळ सांग."

या घरात हे ठरलेलं होतं. सोलांज चष्मा लावून ओहोटीचा छापील तक्ता बघायची, वेळ मोठ्याने सांगायची, आणि गुल्वेन "बरं" म्हणायचा. त्याने स्वतः तक्ता उघडलेला इल्काने कधी पाहिला नव्हता. उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे करतं, पण तक्ता छापणारे जुनीच वेळ छापायचे. त्यामुळे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत या किनाऱ्यावरची घरं छापील वेळेत एक तास मिळवायची. सोलांजने तर तो जन्मभर मिळवला होता.

"एक वाजता," सोलांज म्हणाली. "आणि उन्हाळ्याचा एक. दोनला पुरी ओहोटी."

"बरं," गुल्वेन म्हणाला, आणि इल्काच्या हातात टोपली कोंबून निघाला.

वाटभर तो बोलत होता. नव्या पाद्र्याचं भसाडं गाणं, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची फुकटची ऐट, सगळ्यांची त्याने मनसोक्त टिंगल केली. इल्का त्याच्याकडे निरखून बघत होती, आणि त्या बघण्याची तिला लाज वाटत होती. जिथे आपण लेक म्हणून आलो, तिथे हेर होऊन चाललोय. पण म्हाताऱ्यात काडीचाही दोष दिसेना. ओल्या वाळूवरून, मग घोटाभर पाण्याच्या खाडीतून ती दोघं वासराबेटाच्या खडकांवर पोचली, आणि खडक उलटेपालटे करता करता इल्का हेरगिरी विसरूनही गेली.

टोपलीत बरेच ओर्मो जमल्यावर तिने मागे पाहिलं. कोरड्या दगडावर ठेवलेलं तिचं जाकीट भिजलं होतं.

"पापा, पाणी चढतंय."

"छे! उतरतंय." गुल्वेन खांद्यापर्यंत हात घालून खडकाखाली चाचपत होता. "अजून दोन वाजायचेत."

इल्का पुन्हा खडकाकडे वळली. वाळूवर म्होरक्या एकच, त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने ज्या दगडावर पाय दिला होता, त्याच्या कडेला पाणी लागलं. मग दगड बुडाला. खरंच याचं डोकं गेलंय, हा विचार तिच्या मनात आला. सोलांज खरं बोलत होती. आणि आपण त्याच्या शब्दावर इथे मरणार.

"पापा!" ती ओरडली. "मागे बघा!"

गुल्वेनने मान वळवली. बेट आणि किनारा यांच्यामधली खाडी भरत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"किती वाजता म्हणाली ती?"

"दोन."

"आणि मी ऐकलं," तो म्हणाला. "नेमकं आज मी ऐकलं. टाक ती टोपली!"

त्याने तिचं मनगट धरलं आणि पाण्यात शिरला. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेला लागलं. थंडीने श्वास अडकत होता आणि प्रवाह पाय उपटू बघत होता. "चर्चचं टोक त्या पांढऱ्या भिंतीच्या रेषेत धर. डावीकडे जाऊ नकोस, तिथे खड्डा आहे. माझ्याकडे काय बघतेस, टोकाकडे बघ!" एकदा इल्काचा पाय सुटला आणि नाकातोंडात पाणी गेलं. गुल्वेनने तिला दंडाला धरून वर खेचलं आणि अशी कचकचीत शिवी हासडली, की तिला रडूही आलं आणि धीरही आला. ज्याचं डोकं गेलं असेल त्याला अशी वाट सापडत नाही, एवढं तिला त्या घाईतही कळलं.

किनाऱ्याच्या दगडांवर दोघं कोसळली.

"यंदापासून तक्त्यात तो तास मिळवूनच छापतात," गुल्वेन धापा टाकत म्हणाला. "जानेवारीत मीच तिला सांगितलं, परत परत सांगितलं. दर वेळी म्हणते, हो का? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास मिळवते."

"म्हणून तुम्ही तासभर आधी निघता?"

"मग काय करू? आज तू आलीस, मला आनंद झाला, आणि जुन्या सवयीने मी तिचं ऐकून गेलो." त्याने डोळे पुसले. ते पाणी समुद्राचं नव्हतं. "घरी सांग, चूक माझी. डोकं माझं गेलंय."

"पण मग तुम्हाला पुन्हा समुद्रावर येऊ देणार नाहीत!"

"नाही देणार. मला सांभाळायला सोलांज आहे, म्हणून रोझेन गप्प आहे. सोलांजचंच असं झालंय हे कळलं, तर ती तिला एक दिवस या घरात ठेवणार नाही. कुठल्याशा खोलीत परक्या बायका तिला न्हाऊ-माखू घालतील. मला सहन नाही होणार, पोरी."

सोलांज दारातच उभी होती. दोघांचे निथळते कपडे पाहून ती किंचाळली, टॉवेल आणले, गुल्वेनला खुर्चीत दाबून बसवलं आणि गुडघ्यांवर बसून त्याचे बूट ओढून काढले. मग तशीच वळून तिने इल्काकडे पाहिलं.

"सांग. खरं सांग."

इल्काने गुल्वेनकडे पाहिलं. तो आपल्या ओल्या मोज्यांकडे बघत होता.

"हो, ममाँ," ती म्हणाली. "पापांची वेळ चुकली."

सोलांजने डोळे मिटले. मग गुल्वेनचे गार पाय पदराशी धरावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळून ती चोळत राहिली. "असू दे रे माझ्या राजा," ती म्हणाली. "मी आहे ना. मी नीट आहे तोवर तुला कोण हात लावतो बघू. पण समुद्र आता बस."

"बरं," गुल्वेन म्हणाला.

तिने कोपऱ्यातली जुनी आकडी उचलून कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि एप्रनच्या खिशात टाकली. तेवढ्यात तिला इल्काची दया आली असावी.

"तुझा मात्र हिरमोड नको. उद्याही उधाण आहे, तू एकटी जाऊन ये. वाट तुला ठाऊक आहे, वेळ मी सांगते." तिने चष्मा लावला आणि तक्त्याच्या ओळीवरून बोट फिरवलं. "पावणेदोन. आणि उन्हाळ्याचा एक."

गुल्वेनने मान वर केली. इल्काने सोलांजचा तक्त्यावरचा हात हातात घेतला.

"बरं, ममाँ," ती म्हणाली.