निळ्या रंगाखालचा विठू

चूक माझीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

मी महिपत. चाळीस वर्षं रत्नागिरीत लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर बंदराजवळच्या छोट्या संग्रहालयानं बोलावलं. त्यांच्या लाकडी फळ्यांवरच्या जुन्या चित्रांचे एक्स-रे अठ्ठ्याण्णव साली मीच काढले होते, फळ्यांत कीड किती शिरलीय ते बघायला. आता त्या फिल्म स्कॅन करून संगणकात ठेवायच्या होत्या. मग त्या बघून ईशा, तिथली चित्रं दुरुस्त करणारी मुलगी, कामाला लागणार होती.

त्यात ‘जलदेवी’ होडीचं चित्र होतं. पंच्याहत्तर साली ही होडी पहाटे अंधारात निघाली आणि सगळ्या खलाशांसकट बुडाली. एकही देह किनाऱ्याला लागला नाही. होड्या रंगवणाऱ्या बाळानं फळीवर त्या सात जणांचं चित्र काढलं, प्रत्येकाच्या पायाशी नाव घातलं. अजूनही नारळी पौर्णिमेला ती सात नावं वाचतात आणि एकेकाच्या नावानं समुद्राला नारळ देतात. आठवा खलाशी होता विठू. तो म्हणे त्या पहाटे होडीवर चढलाच नाही, भांडून मुंबईला पळाला. एक माणूस कमी पडला म्हणून होडी गेली, असं वाडी पन्नास वर्षं म्हणत आली. वाडीला बोलायला काय जातंय?

विठूची मुलगी सावित्री बंदरावर मासळी विकते. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. सुरमईच्या भावावरून जरा कुठे वाजलं की समोरची बाई हमखास म्हणणार, “पळपुट्याची पोर ती!” माझ्याजवळ ती कितीदा तरी म्हणाली होती, “काका, बाप मेलेला चालंल मला. पळालेला नको.”

तर फिल्म. त्यातली एक, ‘जलदेवी’चीच, मी तेव्हा जास्त एक्स्पोजर देऊन करपवली होती. उजेडाच्या पेटीवर धरली की नुसती काळीकुट्ट. चूक कुणाला दिसू नये म्हणून मी ती गठ्ठ्याच्या तळाशी घातली ती घातलीच. पण हा नवा स्कॅनर त्या काळ्यातूनही उजेड काढतो. पडद्यावर मी काळेपणा कमी करत गेलो, आणि चित्रात जिथे नुसता निळा समुद्र आहे तिथे एक माणूस उभा राहिला. बाळा माणसं सफेत्यानं रंगवायचा, होडीलाच लावायच्या शिशाच्या पांढऱ्या रंगानं. शिसं एक्स-रे अडवतं, वरचा निळ्या रंगाचा हात अडवत नाही. डोक्याला टोपी, कानात बाळी. पायाशी नाव होतं, विठू.

बुडालेल्यांच्या चित्रात बाळानं त्याला आधी काढला होता, मग झाकला होता.

ईशा म्हणाली, “काका, एवढ्यात कुणाला दाखवू नका. रंग कुणी दिला, का दिला, ते आधी शोधू.” मी मान डोलावली आणि दुपारी सावित्रीला फोटो पाठवला. पोरीचं पन्नास वर्षांचं ओझं उतरवायचं पुण्य मला हवं होतं, दुसरं काय! संध्याकाळपर्यंत फोटो वाडीतल्या फोनाफोनात गेला. यंदा आठ नावं वाचायची, हेही ठरून गेलं.

सकाळी सावित्रीची आई, गुणवंती, संग्रहालयात आली. मागोमाग सावित्री. म्हातारीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. ती फळीसमोर उभी राहिली आणि निळ्यावर बोट ठेवलं.

“बाळाला मीच सांगितला झाकायला,” ती म्हणाली. “गेला व्हता तो होडीवर. मीच भाकरी बांधून दिलेली. पन देह नाय गावला. देह नाय, मग मी कुंकू कशाला पुसू? वाडीत सांगितला, मुंबईहून निरोप आला.”

“आनि मी गो?” सावित्री ओरडली. “पन्नास वर्सं पळपुट्याची पोर!”

“त्या शिवीत तुजा बाप जिता व्हता.”

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “वयनी, चित्राला कुणी हात लावलेला नाही. रंग तसाच ठेवायला सांगतो ईशाला.” म्हातारीनं सावित्रीचा फोन माझ्यापुढे धरला. “मग ह्यातला पूस.”

एक फळी होती तोवर एका ब्रशानं भागलं होतं. मी कुणाकुणाच्या फोनातून पुसणार?

तिसऱ्या दिवशी माफी मागायला तिच्या घरी गेलो, तर बायका जमलेल्या. विधवेच्या बांगड्या काढायच्या नाहीत असा ठराव वाडीनं टाळ्या वाजवून केलाय, पण ठराव भिंतीवर आणि बायका ओटीवर. मध्ये गोदा बसली होती. तिचा नवरा त्या सातांतला.

“एकोनिसाव्या वर्सी माज्या फोडल्या,” गोदा म्हणाली. “ही आमच्या देखत पन्नास वर्सं हळदीकुंकवाला पयली बसली. आता पोरीनंच काढू दे.”

मी ठरावाचं नाव काढलं. गोदानं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी दाराशी सरकलो.

सावित्रीनं आईच्या हाताला साबण लावला. एकेक बांगडी निघाली. शेवटची सुजलेल्या सांध्यावर अडकली ती निघेना. गोदानं वरवंटा पुढे सरकवला. सावित्रीनं तो उचलला, धरून राहिली, पण तिचा हात काही खाली येईना.

गुणवंतीनंच मनगट उंबऱ्यावर आपटलं. काच फुटली, थोडं रक्त आलं.

“पन्नास वर्सं मला त्याच्यासाठी रडता नाय आला,” ती लेकीला म्हणाली. “आता जरा बस माज्याजवळ.”

सावित्री बसली. मी चपला घातल्या आणि निघालो. मला तिथे कुणी बस म्हटलं नव्हतं.