‘निवांत’ नावाचा अल्बम

“राग ओसरून ठहराव आलाय तुमच्या गाण्यात,” चॅनलवाली पोरगी म्हणाली. दुर्गेशनं चेहरा गंभीर केला. “हो. मानूस आतून बदलते ना.”

मी पाण्याची बाटली घेऊन शेजारीच उभी होते. म्हटलं, कर्म माझं! आतून बदललंय खरं, पण ते एक्स-रेत दिसतं.

दुर्गेशला सारं नागपूर ‘तर्री’ म्हणून ओळखतं. सारं म्हणजे, रॅप ऐकणारं. ‘बाजू हट’ या त्याच्या पहिल्या गाण्यात इतवारीतल्या हातगाडीवाल्यांची आरोळी होती आणि पुढचं अख्खं कडवं एका श्वासात होतं. त्या श्वासावर भाळूनच मी लग्न केलं. पोट मात्र गाण्यानं भरत नाही. दिवसभर तो लकडगंजात मिरचीच्या चक्कीवर उभा असतो. तोंडाला रुमाल बांध, म्हणून मी जीव तोडून सांगायची, तर म्हणायचा, “तर्री नाव हाय माह्यं, मिरचीले भिऊ काय?” घ्या आता! मिरचीची भुकटी छातीत बसली आणि श्वास पुरेना.

म्हणून नव्या अल्बममधली गाणी संथ. दोन ओळी, मग नुसती बासरी, पुन्हा दोन ओळी. बासरी वाजते तेवढ्यात तो श्वास घेतो. लोक त्याला नवी शैली म्हणाले. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं, याचंच मला रडू यायचं.

पोरगी गेल्यावर तो हळूच म्हणाला, “कोनाले सांगू नको वं. दमा झाला म्हनतीन. मंग कोन बोलावते मले?”

“नाही सांगत. पन जुनं गानं घेऊ नको. तुले माही शपथ.”

नव्या अल्बमच्या कार्यक्रमाला धरमपेठेतला हॉल भरला होता. नवी गाणी पोरांनी मोबाईल बघत ऐकली. मग मागून कोणीतरी ओरडलं, “तर्रीभाऊ, झोपवून काहून राहिला गा? ‘बाजू हट’ होऊन जाऊ दे!” लगेच सगळा हॉल तेच मागू लागला. दुर्गेशनं माझ्याकडे पाहिलं. मी नको, नको म्हणून मान हलवली. त्यानं सुरू केलं.

तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. चौथी आलीच नाही. पण पोरं थांबली नाहीत. त्यांना अक्षर न् अक्षर पाठ होतं. दुर्गेशनं माईक त्यांच्याकडे धरला, मोठे गायक धरतात तसा, आणि ती आणखीच चेकाळली. कोणाला काही कळलं नाही. तो नुसते ओठ हलवत होता.

घरी आल्यावर तो जिन्यातच बसला.

“माह्याबिगर बी बरोब्बर म्हनतेत ना वं?”

“म्हनतेत.”

“एक शब्द नाही चुकले.” तो हसला, आणि हसतानाच त्याला धाप लागली. मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

सकाळी त्यानं आपणहून रुमाल घेतला, दुहेरी घडी करून तोंडाला बांधला आणि चक्कीवर गेला.